जून ३५०: रोमला एकाच वेळी चार सम्राट, मग खरा कोण?

तांबडमाती (धागाकर्ता):

उत्तरकालीन रोमबद्दल बोलायला लागलं की गाडी लगेच गॉथ, हूण, व्हॅन्डल यांच्याकडे वळते. टोळ्या आल्या, साम्राज्य पडलं, विषय संपला. पण चौथ्या शतकाचा इतिहास सलग वाचून काढा, मोठमोठ्या लढायांत दोन्ही बाजूंना रोमन सैन्यच उभं दिसतं, तेच झेंडे, तोच पगार, बऱ्याचदा देवसुद्धा तोच, आणि भांडण एकाच गोष्टीवरून की सम्राट म्हणवून घ्यायचा हक्क कुणाचा. यातलं ३५० ते ३५३ चं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी. कॉन्स्टन्टाइन मे ३३७ मध्ये वारला. त्या उन्हाळ्यात कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये त्याचे सावत्र भाऊ, पुतणे असे घरातले बरेच पुरुष सैनिकांनी कापून काढले आणि ९ सप्टेंबरला त्याचे तीन मुलगे सम्राट म्हणून जाहीर झाले. थोरला कॉन्स्टन्टाइन दुसरा ३४० मध्ये धाकट्याच्या मुलखात घुसला आणि अक्विलियाजवळ मारला गेला. उरले दोघं, पश्चिमेला कॉन्स्टन्स आणि पूर्वेला कॉन्स्टन्शियस. कॉन्स्टन्सचं त्याच्याच सैन्याशी पटत नव्हतं.

१८ जानेवारी ३५०, गॉलमधलं ओतं शहर. खजिन्याचा मोठा अधिकारी मार्सेलिनस याने मुलाच्या वाढदिवसाची मेजवानी ठेवलेली, सगळे बडे लष्करी अधिकारी हजर. मॅग्नेन्शियस नावाचा सेनापती मधेच उठून बाहेर गेला आणि परत आला तो जांभळी राजवस्त्रं घालून. जमलेल्यांनी जयघोष केला. कॉन्स्टन्स स्पेनच्या दिशेने पळाला, पिरनीज डोंगरांच्या पायथ्याशी हेलेना नावाच्या गावात त्याला गाठून मारलं. गाव त्याच्याच आजीच्या नावाचं होतं.

१ मार्चला डॅन्यूबकडच्या सैन्याने आपला म्हातारा सेनापती व्हेट्रानियो याला सम्राट केलं. हा माणूस इतका साधा की अक्षरओळखसुद्धा त्याने सम्राट झाल्यावर करून घेतली असं त्याच काळातला इतिहासकार युट्रोपियस लिहितो. ३ जूनला खुद्द रोममध्ये कॉन्स्टन्टाइनचा भाचा नेपोशियानस याने ग्लॅडिएटर हाताशी धरून शहर ताब्यात घेतलं, २८ दिवस टिकला, मग मॅग्नेन्शियसच्या माणसांनी त्याचं मुंडकं भाल्यावर लावून फिरवलं. म्हणजे जून महिन्यात एकाच वेळी चार जण सम्राट होते आणि चौघांच्याही अंगावर राजवस्त्र होतं.

कॉन्स्टन्शियस या सगळ्यात पूर्वेला अडकलेला कारण इराणचा शापूर दुसरा सरहद्दीवरच्या निसिबिस शहराला वेढा घालून बसलेला. तो वेढा फसला आणि मगच कॉन्स्टन्शियस पश्चिमेकडे वळला. २५ डिसेंबरला, बहुधा नाइसस इथे (आजचं सर्बियातलं निश), तो आणि व्हेट्रानियो एकाच मंचावर उभे राहिले, समोर दोघांचं एकत्र सैन्य. कॉन्स्टन्शियस बोलला. माझ्या वडिलांनी तुम्हाला काय काय दिलं ते आठवा, त्यांच्या मुलांशी इमान राखायची शपथ घेतली होतीत ती आठवा. सैनिकांनी ओरडून त्याचं एकट्याचं नाव घ्यायला सुरुवात केली, म्हाताऱ्याने मुकुट उतरवून ठेवला. कॉन्स्टन्शियसने त्याला मिठी मारून वडील म्हटलं आणि प्रुसाला (तुर्कस्तानातलं बुर्सा) निवृत्तीवेतनावर पाठवून दिलं. तिथे तो आणखी सहा वर्षं सुखाने जगला.

मॅग्नेन्शियस असा सुटणार नव्हता, त्याच्या हाताला कॉन्स्टन्सचं रक्त होतं. २८ सप्टेंबर ३५१ ला मुर्सा इथे (क्रोएशियातलं ओसियेक) द्रावा नदीकाठी लढाई झाली. लढाईआधी सिल्व्हानस नावाचा मॅग्नेन्शियसचा फ्रँक अधिकारी आपलं घोडदळ घेऊन समोरच्या बाजूला गेला. रात्र पडली तरी कापाकापी थांबली नाही. नंतरच्या इतिहासकार झोनारसने दिलेला आकडा म्हणजे मॅग्नेन्शियसचे ३६,००० पैकी २४,००० आणि जिंकलेल्या कॉन्स्टन्शियसचे ८०,००० पैकी ३०,००० गेले. मॅग्नेन्शियस आणखी दोन वर्षं मागे हटत लढला आणि ऑगस्ट ३५३ मध्ये लिओं इथे त्याने आत्महत्या केली.

आता माझा मुद्दा. कॉन्स्टन्शियस घराण्याच्या हक्काने लढला, पण ते घराणं गादीवर आलं कसं? जुलै ३०६ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्कला बाप मेला आणि तिथल्या सैन्याने कॉन्स्टन्टाइनला परस्पर सम्राट म्हणून टाकलं. आधीचा सम्राट डायोक्लिशियन याने घालून दिलेल्या व्यवस्थेत त्याचं नाव नव्हतं, वरिष्ठ सम्राट गॅलेरियसने नाइलाजाने त्याला दुय्यम पद दिलं. म्हणजे यॉर्कला जे झालं तेच ओतंला झालं. पहिला जिंकला म्हणून त्याचा उठाव विसरला गेला, दुसरा हरला म्हणून त्याची नावं शिलालेखांवरून खरवडली गेली. माझं म्हणणं असं की या काळात वैधता लढाईच्या आधी कुणाच्या खिशात नसायची, ती लढाईनंतर तयार व्हायची, आणि तिची किंमत सरहद्दीवरचं सैन्य भरायचं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

कवडसा२१:

धागा आवडला. पण मग याला वैधता तरी का म्हणायचं? बळी तो कान पिळी, एवढंच ना. ज्याच्याकडे सैन्य आणि सैन्याला द्यायला सोनं तो सम्राट. राज्यारोहणाला प्रत्येक शिपायाला पाच सोन्याचे सॉलिडस आणि एक पौंड चांदी द्यायची पद्धत होती म्हणतात, म्हणजे सरळ सरळ खरेदीच झाली की. बाकी घराणं, शपथा, देव हा सगळा वरचा मुलामा.

तांबडमाती:

कवडसा, मुलामा असता तर लोकांनी त्याच्यासाठी इतका आटापिटा केला नसता. मॅग्नेन्शियसकडे गॉल, ब्रिटन, स्पेन, इटली, आफ्रिका सगळं होतं, ऱ्हाइनकाठचं कडवं सैन्य होतं. तरी त्याने पहिल्यांदा काय केलं तर कॉन्स्टन्शियसकडे वकील पाठवले. थ्रेसमधल्या हेराक्लियाला ते भेटले. प्रस्ताव असा की मला सहसम्राट म्हणून मान्यता दे, माझी मुलगी तू कर आणि तुझी बहीण कॉन्स्टन्टिना मला दे. ज्याने भाऊ मारला तोच सोयरीक मागतोय. का? कारण सैन्याच्या जयघोषाने माणूस सम्राट व्हायचा खरा, पण आधीपासून बसलेल्या सम्राटाने मान्यता दिल्याशिवाय ते पक्कं होत नसे हे त्यालाही ठाऊक होतं. त्या रात्री स्वप्नात बाप कॉन्स्टन्टाइन आला, कॉन्स्टन्सचा हात धरून, आणि सूड घे म्हणाला, अशी गोष्ट कॉन्स्टन्शियसच्या बाजूने पसरली. स्वप्न पडलं का नाही देव जाणे, पण नकार द्यायला घराण्याचा आधार लागला हे महत्त्वाचं.

आणि सोन्याचं म्हणाल तर ते दोन्ही बाजू द्यायच्या. सारखे पैसे मिळणार असतील तर शिपाई कुणाकडे जाणार हे दुसऱ्याच कशाने तरी ठरणार ना? नाइससला व्हेट्रानियोचे सैनिक भाषण ऐकून फिरले (आतून पैसे फिरले असं काही जुने लेखक म्हणतात, तेही असेल), पण भाषणात काय होतं तर बापाची आठवण आणि शपथ.

सावली_दुपारची:

मी तांबडमातींच्या अर्ध्या मुद्द्याशी सहमत. घराणं किती खोल रुजलेलं होतं ते पाहायचं तर प्रोकोपियसचं बंड बघा, ३६५ चं.

कॉन्स्टन्शियसचा चुलतभाऊ आणि त्याच्यानंतरचा सम्राट ज्युलियन ३६३ मध्ये इराणच्या मोहिमेत मेला आणि कॉन्स्टन्टाइनच्या घरातला पुरुष वंश संपला. जोव्हियन काही महिने टिकला, मग व्हॅलेन्टिनियन आणि त्याचा भाऊ व्हॅलेन्स, हे दोघे पॅनोनियातले लष्करी लोक, राजघराण्याशी काही संबंध नाही. प्रोकोपियस हा ज्युलियनचा आईकडून नातेवाईक. तो आधी लपत छपत फिरला, मग २८ सप्टेंबर ३६५ ला कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये दोन पलटणींना फितवून सम्राट झाला. घालायला राजवस्त्रसुद्धा मिळेना! सोनेरी नक्षीचा अंगरखा, पायात जांभळे जोडे आणि हातात जांभळ्या कापडाचा तुकडा, असा तो लोकांसमोर आला. त्या काळचा इतिहासकार अमियानस मार्सेलिनस याने त्याचं वर्णन नाटकातल्या सोंगासारखं केलंय.

पण पुढे त्याने जे केलं ते बघा. कॉन्स्टन्शियसची विधवा फाउस्टिना आणि तिची छोटी मुलगी, जी बाप मेल्यानंतर जन्मली, त्या दोघींना तो बरोबर घेऊन फिरायला लागला. मुलीला कडेवर घेऊन सैनिकांना दाखवायचा, लढाईच्या तयारीत असतानासुद्धा पालखीत त्या दोघी. मी याच रक्ताचा आहे, हे त्याला सांगायचं होतं आणि ते चाललं. त्याच्यावर पाठवलेल्या पलटणी लढाईआधीच त्याच्या बाजूला आल्या, तेही एकदा नाही. व्हॅलेन्स एका टप्प्यावर राजवस्त्र टाकून द्यायच्या विचारात होता म्हणतात. एक तीन-चार वर्षांची पोर! कवडसा, नुसत्या बळाचा हिशोब असता तर त्या पोरीला कडेवर घ्यायची गरज काय होती?

कवडसा२१:

ताई, पण हरलाच ना शेवटी? आणि कशाने हरला तर त्याचे सेनापती फुटले म्हणून. गोमोआरियस आणि अजिलो दोघं ऐन वेळी पलीकडे गेले.

सावली_दुपारची:

हो, पण ते का फुटले तेही बघा. व्हॅलेन्सने निवृत्त म्हाताऱ्या अर्बिशिओला बाहेर काढलं, कॉन्स्टन्टाइनच्या काळापासूनचा सेनापती. त्याने सैनिकांना सांगितलं की तुम्ही माझी मुलं, या दरोडेखोराच्या मागे कुठे जाता, मला बापासारखं मानून माझ्या मागे या. म्हणजे मुलीला उत्तर म्हणून कॉन्स्टन्टाइनचा म्हातारा सरदार पुढे केला. दोन्हीकडून एकाच घराण्याच्या आठवणीवर ओढाताण चाललेली, आणि ज्यांच्यासाठी हे चाललं ते व्हॅलेन्स आणि प्रोकोपियस दोघंही त्या घराण्याचे थेट वारस नव्हते. २७ मे ३६६ ला प्रोकोपियसचं डोकं उडवलं आणि व्हॅलेन्टिनियनकडे गॉलला पाठवलं.

म्हणून मला तांबडमातींचं 'लढाईनंतर तयार होते' हे वाक्य पूर्ण पटत नाही. थोडीफार आधीपासून असते, लोकांच्या मनात. ती कोण वापरून घेतो हा प्रश्न.

गारवा:

वाचतेय. दोघांचेही मुद्दे पटताहेत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

नाणेघाटी:

मी जर्मनीत त्रिअरच्या जवळ राहतो आणि उत्तरकालीन रोमन तांब्याची नाणी हा माझा अनेक वर्षांचा छंद, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. त्रिअर तेव्हा साम्राज्याच्या मुख्य राजधान्यांपैकी एक होतं. कॉन्स्टन्टाइनच्या काळातला विटांचा दरबार हॉल अजून उभा आहे, ६७ मीटर लांब, आत आता चर्च आहे. पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मला काही सुचेना. तो रिकामेपणा मुद्दाम आहे, समोर सिंहासन आणि मधे काही नाही.

त्या काळात बातमी पोचवायचं सगळ्यात मोठं साधन नाणं. मॅग्नेन्शियसने सुरुवातीला स्वतःच्या नावाबरोबर कॉन्स्टन्शियसच्या नावाचीही नाणी पाडली, म्हणजे बघा आम्ही दोघं सहकारी आहोत असं. वकील पाठवले तेच नाण्यावरून चालू होतं. मान्यता मिळाली नाही तेव्हा ती बंद. शेवटी शेवटी त्याने मोठं तांब्याचं नाणं काढलं, त्याची अख्खी मागची बाजू ख्रिस्ताच्या नावाच्या चिन्हाने भरलेली आणि दोन बाजूंना आल्फा आणि ओमेगा. एवढं उघड ख्रिस्ती नाणं त्याआधी कुणीच पाडलं नव्हतं. समोर कॉन्स्टन्शियस, ज्याचा बाप पहिला ख्रिस्ती सम्राट, तर हा म्हणतोय की देव माझ्याकडे आहे. व्हेट्रानियोचं नाणं त्याहून बोलकं. सिस्किया टांकसाळीचं, वर लिहिलंय 'या चिन्हाने तू विजयी होशील'. मिल्व्हियन पुलाच्या लढाईआधी कॉन्स्टन्टाइनला जे दिसलं म्हणतात तेच. म्हणजे म्हाताऱ्याने घराण्याची सगळ्यात पवित्र आठवणच स्वतःच्या नाण्यावर घेतली, आणि त्याच टांकसाळीत त्याच मजकुराची नाणी कॉन्स्टन्शियसच्या नावानेही पाडली.

आता त्रिअरची गोष्ट. ३५३ मध्ये मॅग्नेन्शियसची बाजू पडायला लागल्यावर त्रिअरच्या लोकांनी त्याचा भाऊ डेसेन्शियस, जो सीझर (दुय्यम सम्राट) होता, त्याच्या तोंडावर शहराचे दरवाजे लावून घेतले. शहराच्या बचावाला पोएमेनियस नावाच्या माणसाला पुढे केलं. टांकसाळ हातात होती, तिथून कॉन्स्टन्शियसच्या नावाने नाणी निघाली, आणि त्यावर चिन्ह कोणतं तर मॅग्नेन्शियसचंच, तेच मोठं ख्रिस्ताचं चिन्ह. अशी नाणी थोडी आहेत पण आहेत. या माणसाने 'खऱ्या' सम्राटासाठी जीव धोक्यात घातला. दोन वर्षांनी सिल्व्हानसच्या बंडानंतर जी धरपकड झाली त्यात त्याला ठार मारलं. निष्ठा ठेवून तरी काय मिळालं त्याला? पोएमेनियसचा विचार मनातून जात नाही माझ्या.

मधलीसुट्टी:

छान चर्चा. एक शंका, मुर्साच्या आकड्यांबद्दल. झोनारस बाराव्या शतकातला, लढाईनंतर आठशे वर्षांनी लिहितोय. ५४,००० मेले हे कितपत धरायचं? जुन्या लेखकांचे आकडे फुगवलेले असतात हे आपण सगळीकडेच पाहतो. कॉन्स्टन्शियसकडे एका रणांगणावर ८०,००० माणसं असणंच अवघड.

तांबडमाती:

मधलीसुट्टी, आकडा जसाच्या तसा धरू नये हे मान्य. पण युट्रोपियस त्याच काळातला, दरबारात काम केलेला, ज्युलियनच्या मोहिमेत स्वतः गेलेला माणूस. तो आकडा देत नाही, पण लिहितो की त्या लढाईत रोमची एवढी ताकद खर्ची पडली की कितीही परकी युद्धं जिंकायला आणि कित्येक विजयोत्सव करायला पुरली असती. हे मला आकड्यापेक्षा वजनदार वाटतं.

आणि परिणाम समोरच आहे. ऱ्हाइनकाठचं सैन्य मॅग्नेन्शियस इटली-बाल्कनमध्ये घेऊन आला, ते तिथेच कामी आलं, मागे सरहद्द उघडी. ऱ्हाइनपलीकडच्या अलमानी या जर्मन टोळीचा राजा क्नोडोमारियसने डेसेन्शियसला हरवलं, शहरामागून शहर लुटलं गेलं, ३५५ च्या शेवटी कोलोन फ्रँकांनी घेतलं. कॉन्स्टन्शियसनेच मॅग्नेन्शियसला पाठीमागून त्रास व्हावा म्हणून अलमानींना चिथावलं असा आरोप लिबॅनियस आणि झोसिमस हे दोन जुने लेखक करतात. ते दोघे त्याच्या विरोधात लिहिणारे, पण आरोप अगदी अशक्य वाटत नाही. ते निस्तरायला ज्युलियनला पाठवावं लागलं, ३५७ मध्ये स्ट्रासबुर्गची लढाई झाली, आणि मग त्याच ज्युलियनला ३६० मध्ये पॅरिसमध्ये सैनिकांनी ढालीवर उचलून सम्राट केलं. मुकुट नव्हता. बायकोचा दागिना चालेल का, घोड्याचा साज चालेल का असं झालं, ज्युलियनला ते अशुभ वाटलं, शेवटी मॉरस नावाच्या शिपायाने गळ्यातली साखळी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. एका यादवीतून दुसरी यादवी अशी निघते. ती दुसरी लढाईपर्यंत गेली नाही याचं कारण फक्त एकच, कॉन्स्टन्शियस वाटेत सिलिशियात ३ नोव्हेंबर ३६१ ला तापाने वारला. मरताना त्याने ज्युलियनलाच वारस नेमलं असं सांगितलं गेलं, आणि बंडखोर एका रात्रीत कायदेशीर सम्राट झाला. ज्युलियनने मग त्याच्या शवयात्रेत भक्तिभावाने भाग घेतला.

सावली_दुपारची:

नाणेघाटींनी सिल्व्हानसचं नाव काढलंय तर त्याची गोष्ट पूर्ण सांगा कुणीतरी, नाहीतर मी लिहिते. मला ती या सगळ्या काळातली सगळ्यात भयंकर वाटते.

तांबडमाती:

लिहा ना, तुमच्या हातून वाचायला आवडेल.

सावली_दुपारची:

बरं. मुर्साला जो बाजू बदलून कॉन्स्टन्शियसकडे आला तोच हा सिल्व्हानस. त्याला बक्षीस म्हणून गॉलमधल्या पायदळाचा सेनापती केलं आणि कोलोनला पाठवलं. डायनॅमियस नावाच्या एका दरबारी माणसाने त्याच्याकडून मित्रांच्या नावाने शिफारसपत्रं घेतली, मग ओल्या स्पंजने आतला मजकूर पुसला, खालची सही तेवढी ठेवली, आणि वर नवा मजकूर लिहिला की मी मोठ्या गोष्टीच्या तयारीत आहे, साथ द्या. ही पत्रं मिलानच्या दरबारात पोचली. मालारिकस नावाच्या फ्रँक अधिकाऱ्याने जीव तोडून सांगितलं की हे कारस्थान आहे, चौकशी झाली आणि बनावटपणा उघडही झाला, पण तोवर कोलोनमध्ये सिल्व्हानसला कळलं होतं की आपल्याला राजद्रोही ठरवलंय.

त्याने काय करावं? पळून फ्रँकांकडे जायचा विचार केला, तर त्याच्याच एका माणसाने सांगितलं की ते तुला मारतील नाहीतर पैसे घेऊन विकतील. रोमकडे परत जायचं तर सम्राट संशयी. मग एकच वाट उरली, आणि ती म्हणजे सम्राट होणं. झेंड्यांवरचं जांभळं कापड फाडून त्याने अंगावर घेतलं. हा माणूस महत्त्वाकांक्षेने सम्राट झालाच नाही, भीतीने झाला.

दरबाराने उर्सिसिनस नावाच्या सेनापतीला त्याच्याकडे पाठवलं, मित्र म्हणून. बरोबर दहा-बारा माणसं, त्यात अमियानस मार्सेलिनस स्वतः. म्हणजे आपल्याला ही गोष्ट सांगणारा माणूस त्या कटात होता. ते सिल्व्हानसला वाकून नमस्कार करत होते, त्याच्याबरोबर जेवत होते, तो त्यांच्याजवळ मन मोकळं करून सांगत होता की आपल्या दोघांची इतकी सेवा होऊनही कशी किंमत झाली नाही. आणि आतून ते शिपायांना पैसे चारत होते. एका पहाटे तो ख्रिस्ती प्रार्थनेला चालला होता तेव्हा तलवारीने तुकडे केले. २८ दिवसांचं राज्य. अमियानस लिहितो की आम्ही आमच्याच जिवाच्या भीतीत होतो. मला तो भाग वाचताना अमियानसचाही राग येतो आणि कळतंही त्याचं.

तांबडमातींचा मूळ मुद्दा, वैधतेची किंमत कोण भरतं, त्यात सैन्याबरोबर हे पण धरा. सम्राटाला प्रत्येक यशस्वी सेनापती पुढचा मॅग्नेन्शियस वाटायला लागला. त्यामुळे जे निष्ठावान होते त्यांनाही बंडाशिवाय वाट राहिली नाही.

नाणेघाटी:

+१. फार सुंदर लिहिलंत ताई.

मधलीसुट्टी:

सिल्व्हानस काय, प्रोकोपियस काय, सगळे थोडे दिवस टिकलेले. मान्यता मिळून मग काढून घेतली असं कुणाचं झालं का?

तांबडमाती:

झालं ना, मॅग्नस मॅक्सिमस. ३८३ मध्ये ब्रिटनमधल्या सैन्याने त्याला उभं केलं, तो गॉलमध्ये उतरला, पश्चिमेचा सम्राट ग्रेशियन याचं सैन्य पॅरिसजवळ त्याला सोडून गेलं आणि २५ ऑगस्टला ग्रेशियन लिओंमध्ये मारला गेला. म्हणजे मॅग्नेन्शियसचीच पुनरावृत्ती. पण या वेळी पूर्वेचा सम्राट थिओडोशियस लगेच लढायला निघाला नाही, त्याला ते परवडणारं नव्हतं, आणि काही काळाने त्याने मॅक्सिमसला सहसम्राट म्हणून मान्यता दिली. अलेक्झान्ड्रियात मॅक्सिमसची प्रतिमा अधिकृतपणे लोकांना दाखवली गेली. तो त्रिअरला बसून कर घेत होता, न्याय देत होता, प्रिसिलियन या बिशपला मृत्युदंडसुद्धा त्यानेच दिला. ३८७ मध्ये तो इटलीत शिरला, पोरगा सम्राट व्हॅलेन्टिनियन दुसरा आईला आणि बहिणीला घेऊन थिओडोशियसकडे पळाला, आणि थिओडोशियसने त्या बहिणीशी, गालाशी, लग्न केलं. पुढच्या वर्षी त्याने मॅक्सिमसला हरवलं, २८ ऑगस्ट ३८८ ला अक्विलियाजवळ मॅक्सिमस मारला गेला. त्यानंतर सगळ्या अधिकृत लिखाणात तो पहिल्या दिवसापासून बंडखोरच होता. जणू मधली वर्षं कुणी त्याला काही मान्यता दिलीच नव्हती.

सिमॅकस नावाच्या रोममधल्या मोठ्या सिनेटरने मॅक्सिमसच्या स्तुतीचं भाषण केलेलं, त्याला जीव वाचवायला चर्चमध्ये आसरा घ्यावा लागला आणि मग थिओडोशियसची माफी मागावी लागली. त्याला माफीच नाही, ३९१ चं कॉन्सलपदही (एका वर्षाचं मानाचं पद) मिळालं. सगळ्यांना इतकं सहज सुटता आलं नाही.

कवडसा२१:

ही मधली वर्षं पुसण्याची गोष्ट माझ्या मुद्द्याला पुरावाच आहे की. पण प्रोकोपियसची ती छोटी मुलगी माझ्या मुद्द्यात बसत नाही हे खरं. विचार करतोय. ४०६-४०७ मध्ये ब्रिटनच्या सैन्याने लागोपाठ दोन सम्राट करून मारले आणि तिसरा म्हणून कॉन्स्टन्टाइन नावाचा एक साधा शिपाई केवळ नावासाठी निवडला असं त्या काळचा इतिहासकार ओरोसियस म्हणतो ना? त्याने मुलांची नावंही कॉन्स्टन्स आणि ज्युलियन ठेवली. म्हणजे मूळ घराणं संपून चाळीस-पन्नास वर्षं झाली तरी नाव चालत होतं. पश्चिमेचा सम्राट होनोरियस याने ४०९ मध्ये त्याला राजवस्त्र पाठवलं आणि ४११ मध्ये त्याचं मुंडकं राव्हेनात टांगलं.

फेरफार७१२:

सगळे प्रतिसाद वाचले. मी जमिनीच्या कागदपत्रांत आयुष्य घालवलेली व्यक्ती आहे, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. समजा मी त्या मॅक्सिमसच्या किंवा पुढच्या कुणाच्या राज्यात जमीन विकत घेतली, गुलामाला मुक्त केलं, बक्षीसपत्र केलं. रीतसर नोंद झाली. मग तो सम्राट हरला आणि पहिल्या दिवसापासून बंडखोर ठरला. माझ्या कागदाचं काय? त्याच्या न्यायालयाचे निकाल? त्याने नेमलेले अधिकारी? सामान्य माणसाचं सगळं आयुष्यच बेकायदा होईल.

तांबडमाती:

फार नेमका प्रश्न. थिओडोशियन संहितेत (रोमन सम्राटांच्या कायद्यांचा संग्रह) यासाठी वेगळं प्रकरणच आहे, बंडखोरांच्या काळात झालेल्या गोष्टी रद्द करण्याबद्दल. तिथे सप्टेंबर ३८८ चा, मॅक्सिमस मेल्यानंतर महिन्याभरातलाच थिओडोशियसचा कायदा आहे की त्याने दिलेले सन्मान आणि पदं रद्द. म्हणजे अधिकारी गेले.

पण खाजगी व्यवहार रद्द करणं कुणालाच परवडत नव्हतं, ते तुम्ही म्हणता त्याच कारणाने. युजिनियसचं उदाहरण घ्या. ३९२ मध्ये आर्बोगास्त या सेनापतीने त्याला सम्राट केलं आणि ६ सप्टेंबर ३९४ ला फ्रिगिडस नदीवर तो संपला. नंतर ३९५ मध्ये होनोरियसच्या नावाने कायदा निघाला. त्या काळात केलेली गुलामांची मुक्तता कायम, मुलांना बापाच्या कायदेशीर ताब्यातून मोकळं केलं असेल तर ते कायम, नोंदवलेली बक्षीसपत्रं आणि करार कायम, फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. अडचण एकच होती. रोमन कागदावर वर्षाची ओळख आकड्याने नसायची, त्या वर्षीच्या कॉन्सलांच्या नावाने असायची, आणि ३९३ चा पश्चिमेतला कॉन्सल स्वतः युजिनियस, ३९४ चा त्याचा समर्थक निकोमाकस फ्लाव्हियानस. त्यावर कायद्याने असं सांगितलं की कागद वैध राहील, फक्त तो मोठ्याने वाचून दाखवताना ही नावं घ्यायची नाहीत, त्या जागी त्या वर्षांचे पूर्वेतले कॉन्सल वाचायचे.

त्यामुळे तुमचं खरेदीखत टिकलं असतं.

फेरफार७१२:

धन्यवाद, हे माहीत नव्हतं. आणि तो फ्लाव्हियानस? त्याचं नाव कायमचंच गेलं का?

तांबडमाती:

फ्रिगिडसच्या लढाईच्या सुमारास त्याने आत्महत्या केली, त्याचं नाव बरीच वर्षं घेता येत नव्हतं. त्याचा मुलगाही युजिनियसच्या बाजूला होता, त्याला धर्म बदलून आणि बापाने घेतलेला पगार परत करून सुटका मिळवावी लागली, पण पुढे त्याने पुन्हा मोठी पदं सांभाळली. ४३१ मध्ये त्या वेळच्या सम्राटांनी फ्लाव्हियानसची प्रतिष्ठा परत दिली, रोममधल्या ट्राजनच्या फोरममध्ये (मोठ्या चौकात) त्याचा पुतळा उभारला आणि खाली सम्राटांचं सिनेटला लिहिलेलं पत्र कोरलं. तो शिलालेख सापडलाय. त्या दगडावर आधीचा एक मजकूर खरवडून मगच हा नवा कोरलेला आहे. पत्रात फ्लाव्हियानसवर झालेल्या अन्यायाबद्दल बरंच लिहिलंय, पण युजिनियसचं नाव कुठेही नाही.